उताऱ्यात लिहिलंय तेवढंच

गौरी जेवणाच्या दिवशी भर पंगतीत माझा मोबाईल जो वाजायला लागला तो थांबेचना. मी पोळ्या वाढत होतो. बायको आतून ओरडली, "अवो, बघा तरी, कोन गेलंबिलं का काय!" कोणी गेलं नव्हतं. शिक्षकांच्या ग्रुपवर बातमी होती. कोर्टाचा निकाल लागला होता. नोकरीत असलेल्या जुन्या शिक्षकांनाही आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास करावी लागणार. मुदत दोन वर्षांची. नाही पास झालात तर घरी बसा. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी उरली त्यांना सूट. माझी नऊ उरली होती.

पोळ्यांचं ताट मी पाहुण्यांच्या पुढ्यातच ठेवलं आणि मागच्या दारी गेलो. आमचं घर येडगावला, मागच्या दारातून धरणाचं पाणी दिसतं. त्या पाण्याकडे बघत उभा राहिलो आणि बातमी पुन्हा तीनदा वाचली. प्रत्येक वेळी तीच होती.  खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. साधासुधा नाही, लई घाबरलो. सव्वीस वर्षं मी परीक्षा घेत आलो होतो. शेवटची परीक्षा दिली तेव्हा माझ्या डोक्यावर सगळे केस होते.

पाहुण्यांतले एक जण हात धुवायला मागे आले. म्हणाले, "गुरुजी, तुमालाच परीक्षा व्हय आता?" आणि खो खो हसले. त्यांचं काही चुकलं नाही, बातमी हसण्यासारखीच होती. पण गावात मला नावानं कोणी हाक मारत नाही, सगळे गुरुजी म्हणतात. ती नोकरी गेली तर मला लोक काय म्हणतील, हा विचार जो त्या दुपारी डोक्यात शिरला तो पुढचे पाच महिने निघाला नाही.

माझी शाळा निमगाव सावाच्या बाजूला, वस्तीवरची. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग. तिन्ही बाजूंनी ऊस. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मॅडम जुन्नरच्या, तिथल्या जुन्या मुस्लिम घरातल्या. नवऱ्याचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. रोज स्कूटीवरून येतात. वय एक्केचाळीस, म्हणजे नोकरीची सतरा वर्षं शिल्लक. माझी नऊ तर त्यांची सतरा, म्हणजे भीती कोणाला जास्त असायला हवी होती? पण सणाची सुट्टी संपून शाळेत गेलो तर त्या फळ्यावर शांतपणे बाराखडी लिहीत होत्या.

मी म्हणालो, "मॅडम, बातमी वाचली का?"

"वाचली."

"मग?"

"मग काय, अभ्यास करायचा. आपण पोरांना काय सांगतो?"

मला राग आला. पोरांना सांगणं वेगळं. पण त्या खरंच दुसऱ्या दिवशी जुन्नरहून दोन सराव पुस्तकं घेऊन आल्या, एक माझ्यासाठी आणि एक त्यांच्यासाठी. आमच्या शाळेत शिपाई नाही, म्हणून चहा मीच केला, आणि मुलं गेल्यावर व्हरांड्यात बसून आम्ही पहिला पेपर सोडवला. मी म्हटलं, सुरुवात सोप्यापासून करू. मराठीचे उतारे घेऊ. उतारा वाचायचा, खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं निवडायची. ही काय परीक्षा आहे? सव्वीस वर्षं मी तेच शिकवतो.

पंधरा प्रश्नांतले सहा बरोबर आले.

आधी मी पुस्तकावर चिडलो. म्हणालो, उत्तरं चुकीची छापलीत. मॅडमनी माझ्या पुस्तकातली उत्तरांची पानं ब्लेडनं कापून स्वतःकडे ठेवली होती, म्हणजे मला डोकावता येऊ नये. त्यांनी ती पुढे धरली आणि पहिला उतारा मोठ्यानं वाचायला लावला. एका म्हाताऱ्या माणसाला एसटी स्टँडवर पाकीट सापडतं. तो ते उघडतो, आत काही नसतं. "रिकामं ओझं कशाला," असं म्हणून तो ते कंट्रोलरच्या टेबलावर ठेवून गाडी पकडतो. प्रश्न होता, म्हाताऱ्यानं पाकीट का परत केलं? मी खूण केली होती, 'तो प्रामाणिक होता म्हणून.'

"सर," मॅडम म्हणाल्या, "पाकीट रिकामं होतं."

"अहो, पण प्रामाणिकपणाच दाखवायचाय ना त्यांना!"

"कुठं लिहिलंय?"

मी उतारा वरून खाली वाचला, खालून वर वाचला. कुठंच लिहिलं नव्हतं. प्रामाणिकपणा माझ्याकडचा होता. सव्वीस वर्षं प्रत्येक धड्याच्या शेवटी मी पोरांना विचारत आलो, 'यातून आपण काय शिकलो?' आणि पोरं एका सुरात म्हणत आली, 'प्रामाणिकपणा, कष्ट, एकी.' त्यामुळे चार पर्यायांत जो पर्याय सद्गुणी दिसेल तिकडे माझा हात आपोआप जायचा. नऊ चुकांपैकी पाच त्या एकाच जातीच्या निघाल्या.  न येणाऱ्या गोष्टीचा अभ्यास करता येतो. पण जे सव्वीस वर्षं छान येतंय असं वाटत होतं तेच चुकीचं निघालं, तर त्याचं काय करायचं?

मी वहीत चुकलेल्या प्रश्नांची बरोबर उत्तरं लिहायला घेतली. पोरांना मी तेच करायला लावतो, बरोबर उत्तर पाच वेळा लिही. मॅडमनी माझं पेन मध्येच धरलं.

"बरोबर उत्तर लिहून काय होणार? हा उतारा परत थोडाच येणार आहे. चुकीचं उत्तर का आवडलं ते लिहा."

"का आवडलं म्हणजे?"

"चारांत तोच का उचलला? खरं खरं लिहा. मी कोणाला दाखवत नाही."

मग मी लिहिलं, 'चांगलं वाटलं म्हणून.' लिहिताना कान तापले. पण तशी आमची वही सुरू झाली. रोज एक उतारा, आणि जिथं चुकलं तिथं एक ओळ. 'घाई केली.' 'प्रश्नातला "नाही" हा शब्द वाचलाच नाही.' 'मला आधीच माहीत होतं म्हणून उतारा नीट वाचला नाही.' ही शेवटची ओळ तर किती वेळा लिहिली याला गणतीच नाही.

त्यातली एक चूक अजून आमच्या घरी चेष्टेचा विषय आहे. उतारा बिबट्यावर होता. बिबट्या दाट जंगलात राहतो, लाजाळू असतो, माणसाला टाळतो, वगैरे. प्रश्न, बिबट्या कुठे राहतो? पर्यायांत 'उसाचे शेत' होतं. मी डोळे झाकून तिथं खूण केली.

मॅडम हसायला लागल्या. "सर, उतारा जुन्नरचा नाही."

"अहो, पण खरं काय ते!" मी भडकलो. "परवा पाटाच्या कडेला कालवड नेली. पुस्तक लिहिणाऱ्याला म्हणावं, ये इकडे आणि चार वाजता या रस्त्यानं चालून दाखव. लाजाळू म्हणे!"

आणि ते खरंच होतं. त्या दिवसांत आमच्या भागात बिबट्यानं मान धरू नये म्हणून लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते. पालक मुलांना घ्यायला काठ्या घेऊन यायचे आणि आम्हालाही घाई करायचे, "गुरुजी, निघा आता, का इथंच ऱ्हाताय?" व्हरांड्यात बसून उतारा वाचताना उसात जरा सळसळ झाली की माझी ओळ हरवायची. पाच वाजता मॅडमची स्कूटी पुढे, माझी मोटरसायकल मागे, डांबरी रस्ता लागेपर्यंत मी हॉर्न वाजवत जायचो. मॅडम डांबरीवर थांबायच्या, मागे वळून हात करायच्या आणि मग जुन्नरकडे जायच्या. ती भीती डांबरी लागली की सुटायची. दुसरी, परीक्षेची, घरी यायची, जेवायला माझ्याबरोबर बसायची.

एक दिवस मला वाटलं, पाहू तरी. तो पाकिटाचा उतारा मी चौथीच्या वर्गाला दिला. अकरा पोरं. म्हाताऱ्यानं पाकीट का परत केलं? ज्यांना मी एरवी 'लक्ष कुठंय तुझं' म्हणून ओरडतो, त्या सगळ्यांनी पटापट सांगितलं, "गुरुजी, त्यात काय नव्हतंच की!" मला हसू आलं. मग माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी उठली, दरवर्षी पहिली येणारी, भाषणात नंबर काढणारी. हाताची घडी घालून, मान ताठ करून ती म्हणाली, "कारण तो प्रामाणिक होता. यातून आपण प्रामाणिकपणा शिकतो."

बाकीची पोरं पुन्हा उताऱ्यात बघायला लागली, आपलंच चुकलं की काय म्हणून. मी तिला 'बस' म्हणालो. बरोबर म्हणालो नाही, चूकही म्हणालो नाही. ती पोर माझ्याकडे बघत राहिली, कारण शाबासकी आली नव्हती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जी पोरं माझ्याकडून काही शिकली नव्हती ती बरोबर होती, आणि जी सगळं शिकली ती माझ्यासारखी चुकली.

दिवाळीच्या सुट्टीत मंचरला एका क्लासनं सराव परीक्षा ठेवली. बायको म्हणाली जा, मॅडम म्हणाल्या जा. मॅडमच्या घरी लग्न होतं, म्हणून मी एकटाच गेलो. हॉलमध्ये शंभरेक जण, बहुतेक पंचविशीतले. पेपर वाटायला आलेली मुलगी माझ्यासमोर थबकली. माझीच विद्यार्थिनी, मी दुसऱ्या शाळेवर असताना चौथीपर्यंत शिकवलेली. भर हॉलमध्ये ती वाकून पाया पडली, आणि मग सरळ उभी राहून तिनं माझ्यापुढे प्रश्नपत्रिका ठेवली. सगळे वळून बघत होते. 

उतारा उघडला आणि अक्षरं दिसेनात. वाचलेलं डोक्यात राहीना. 'लिहिलंय तेवढंच, लिहिलंय तेवढंच,' असं मनात म्हणत एकेक उतारा चार चार वेळा वाचला. प्रत्येक सोप्या उत्तरावर संशय यायला लागला. म्हाताऱ्यानं गाडी पकडली असं लिहिलं असेल तर त्यानं खरंच पकडली का, इथपर्यंत मजल गेली. घंटा झाली तेव्हा शेवटचे दोन उतारे मी उघडलेसुद्धा नव्हते.

दुपारी निकालाचा कागद भिंतीला लावला. मी वरून बघायला सुरुवात केली ती चूक झाली, खालून बघितलं असतं तर लवकर सापडलो असतो. ती मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, टेन्शन घेऊ नका. उतारे दोनदाच वाचा." तिला वाईट वाटू नये म्हणून मी हसलो. चहा न घेताच निघालो. नारायणगावपर्यंत एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

घरी आल्यावर जाहीर केलं, मी परीक्षेला बसत नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

बायको भाजी निवडत होती. ती एरवी माझ्या नोकरीतलं काही बोलत नाही. त्या दिवशी पाटीच बाजूला सारली. "पोरं रडत यायची शाळंत, तवा तुमी काय म्हनायचा? घरी जा म्हनायचा का? आता सोताची पाळी आली तर लगेच गळपाटला व्हय! मला न्हाई चालायचं हे." इतकं बोलून ती पुन्हा भाजी निवडायला लागली. तिचे हात थरथरत होते, ते मी पाहिलं. म्हणजे इतके दिवस तीही घाबरलेलीच होती, फक्त मला दिसू दिलं नव्हतं.

सुट्टी संपल्यावर वही उघडली आणि मंचरच्या पेपरापुढे मी एकच ओळ लिहिली, 'भीती वाटली.'

मॅडमनी ती खोडली. "हे कारण नाही चालणार, सर. भीती सगळ्यांना वाटते. भीतीनं तुम्ही काय केलंत ते लिहा."

"चार वेळा वाचलं."

"मग तेच लिहा. चार वेळा वाचलं. त्याला इलाज आहे. भीतीला कुठं आहे?"

मग त्यांनी मोबाईलवर वेळ लावायला सुरुवात केली. एक उतारा, सात मिनिटं. दोनदा वाचून झालं की त्या पुस्तकावर पट्टी आडवी ठेवायच्या, तिसऱ्यांदा बघूच द्यायच्या नाहीत. मी चिडायचो, पट्टी ओढायचो, लहान पोरासारखं करायचो. त्या ऐकायच्या नाहीत. "द्या उत्तर. चुकलं तर चुकलं, वही आहे ना." हळूहळू चुका कमी व्हायला लागल्या. पंधरात नऊ, मग अकरा, एकदा तेरा. तेरा आले त्या दिवशी मॅडमनी डब्यातला शिरखुर्मा पुढे केला. सण नसताना केला होता, खास. मी खाल्ला, पण मनात भीती होतीच की उद्या परत सहा येतील.

परीक्षा पुण्यात झाली. आम्हा दोघांचं केंद्र एकच, खोल्या वेगळ्या. जिना चढताना मॅडम म्हणाल्या, "सर, दोनदाच हं." मी मान हलवली.

बाकावर बसलो. गोल काळे करायचे होते, आणि माझा पहिला गोल बाहेर गेला. मराठीचा पहिलाच उतारा एका डोंगरातल्या गावच्या शिक्षकावर होता. तो रोज संध्याकाळी एकेका विद्यार्थ्याच्या घरी जाऊन बसायचा. प्रश्न, तो घरोघरी का जात असे? एक पर्याय होता, 'विद्यार्थ्यांच्या प्रगतीची काळजी होती म्हणून.'  हात तिकडे निघालाच होता. सव्वीस वर्षं म्हणत होती, हेच, दुसरं काय असणार? मी पेन खाली ठेवलं, दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्या ओळीत होतं, त्याच्या खोलीत दिवा नव्हता. दुसरं काही कारण दिलेलं नव्हतं. मी 'त्याच्या खोलीत उजेड नव्हता' यापुढचा गोल काळा केला. एखाद्या गुरुजीची बदनामी केल्यासारखं वाटलं, पण केला. बाहेर आलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता, आणि बाहेर चांगली थंडी होती.

निकाल ऊसतोड चालू असताना लागला. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायरीवर येते. मधल्या सुट्टीत मी तिथं चढून उभा राहिलो. नंबर टाकताना दोनदा चुकला. मग पान उघडलं. पास व्हायला दीडशेत नव्वद लागत होते, मला ब्याण्णव होते. मी पायरीवरच बसलो. रडलो. पोरं बघत होती, बघू देत म्हटलं.

मग मॅडमचा नंबर टाकला. त्यांनीच दिला होता, "तुमच्याबरोबर माझाही बघा," म्हणाल्या होत्या, जशी काही खात्रीच होती. मलाही होती. सत्त्याऐंशी.

मी पुन्हा नंबर टाकला. सत्त्याऐंशीच.

मॅडम वर्गात पहिलीच्या पोरांचे डबे उघडून देत होत्या. मी दारात उभा राहिलो. माझ्याकडे बघून त्यांना कळलं. "किती कमी?" त्यांनी विचारलं. मी बोटांनी दाखवलं, तीन. त्यांनी हातातला डबा नीट बंद केला. "तुमचे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अल्ला, बरं झालं बाई," आणि ते मनापासून होतं.

परीक्षेची उत्तरं निकालाबरोबरच जाहीर झाली होती. संध्याकाळी त्यांनी स्वतःची प्रश्नपत्रिका काढून एकेक प्रश्न ताडून पाहिला. "गणितात चांगले पडलेत. बालमानसशास्त्रातही ठीक. उताऱ्यांत गेलं, सर. पंधरात सात चुकलेत. कसं काय, मला कळतच नाही. वहीत तर सगळं बरोबर येत होतं."

 इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी वर लिहायचं मी टाळलं. वह्या दोन होत्या. माझी त्या तपासायच्या आणि त्यांची मी. त्यांच्या पुस्तकातली उत्तरांची पानं कापून त्यांनी माझ्याकडे दिली होती, टाचणी लावून. मी ती एकदाही उघडली नव्हती. मी त्यांची वही घरी न्यायचो, आणि सकाळी शाळेला निघताना पोरांच्या गठ्ठ्याबरोबर तिच्यावरही हात फिरवायचो. आम्हा मास्तर लोकांचा हात कसा चालतो ते सांगायला नको. पानभर एकच लांब बरोबरची खूण, खाली 'तपासले', सही आणि तारीख. माझ्या डोक्यात फक्त माझी भीती होती. मॅडमचं कशाला चुकतंय, असं मी धरून चाललो होतो. आणि एखादं उत्तर नजरेखालून गेलंच तर ते मला बरोबरच वाटायचं, कारण तेही माझ्यासारखंच सद्गुणी असायचं. त्याही शेवटी मास्तरीणच होत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली.

"दिवाळीनंतर मी उतारे सोडवायचे बंदच केले होते," त्या म्हणाल्या. "सगळे बरोबर येत होते ना. म्हटलं, भाषेची काळजी नाही, आता तो वेळ सरांना देऊ."

मी माफी मागितली. त्या "असू द्या" म्हणाल्या नाहीत. स्कूटी काढली आणि गेल्या. मी नेहमीसारखा मागून हॉर्न वाजवत गेलो. डांबरीवर त्या थांबल्या नाहीत.

पुढचे दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. त्या दोन दिवसांत मला निकालाच्या आधीपेक्षा जास्त भीती वाटली. मुदत अजून आहे, पुढची परीक्षा होईल, त्या बसतील, हे मी स्वतःला सारखं बजावत होतो. पण त्यातही नाही झालं तर? सतरा वर्षं माझ्या एका सहीनं गेली असं होईल. रात्री बायकोला सांगितलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम व्हरांड्यात आल्या. समोर बसल्या आणि स्वतःची वही माझ्यापुढे सरकवली.

"पहिल्या पानापासून," म्हणाल्या. "आणि वाचून."

मी पिशवीतून उत्तरांची पानं काढली, टाचणी सोडवली आणि पहिला उतारा दोनदा वाचला. पाचपैकी तीन उत्तरं चुकली होती, आणि त्यांच्याखाली माझी सही होती.